आधी डाव दे

अनेक आशीर्वाद.

काल रात्री अकरा वाजता तुझा व्हॉइस मेसेज आला. साडेचार मिनिटांचा. त्यातलं पहिलं मिनिट 'सर, झोपला नसाल ना' आणि 'सर, सॉरी' यातच गेलं. सत्तरीतला माणूस अकराला झोपलेला नसतो गं, नुसता आडवा झालेला असतो. पुढच्या वेळी थेट मुद्द्यावर ये.

मला समजलं ते असं. खो-खोचा उपांत्य सामना एका गुणाने गेला. चौथीतली ती मुलगी खो मिळायच्या आधीच उठली, पंचांची शिट्टी झाली, उलट दिशेला पळावं लागलं आणि हाताशी आलेली पळणारी निसटली. मुलगी तीन दिवस शाळेत नाही. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'एकीमुळे सगळ्यांची मेहनत पाण्यात.' वर मोठ्या बाईंना शुक्रवारपर्यंत शाळेचं वार्तापत्र हवंय, आणि तू विचारतेस, यात हिचं काय लिहू.

तू पाठवलेला मसुदा वाचला. 'विद्यार्थिनींनी खिलाडूवृत्तीचे दर्शन घडवत उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.' खोड ते. कुठल्याही शाळेच्या, कुठल्याही वर्षीच्या वार्तापत्रात चिकटवता येईल असं वाक्य आहे. त्या मुलीची आई ते वाचेल, मुलीचं नाव शोधेल, सापडणार नाही, आणि तिला जे समजायचं ते समजेल.

आधी खेळाचं बोलू, कारण तू रडण्याच्या नादात खेळ बघायला विसरलीस. खो म्हणजे काय? पाठीमागून हात लागला पाहिजे आणि तोंडाने 'खो' म्हटलं पाहिजे, दोन्ही एकदमच. ओरडणारी आधी ओरडली आणि हात मागाहून लागला, तर बसलेली उठणारच. तिला मागचं दिसत नाही, ती कानावर बसलेली असते. मग त्या दिवशी खो देणारी कोण होती? तुझ्या साडेचार मिनिटांत तिचा उल्लेखच नाही. ग्रुपवरच्या शहाण्यांनाही ती दिसली नाही. दोघींची चूक एकीच्या नावावर जमा झाली, कारण उभी राहिलेली सगळ्यांना दिसते.

दुसरं. मोठ्यांचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. तुमच्या शाळेचं पटांगण मी पाहिलंय, एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला बाईंची स्कूटर. तिथे पाच चौरस आखले की जागा संपते. म्हणजे पुढच्या तीन चौरसांत बसणाऱ्या मुली सराव करतात कुठे? उभ्या राहून बघतात. ही मुलगी त्या तिघींतली, हे तू मला बोलता बोलता सांगून गेलीस आणि तुझ्याच लक्षात आलं नाही. जिला आठवड्याला एकदा बसायला मिळतं, ती सामन्यात अधीर होणारच. उपाशी माणूस पहिला घास चावून खात नाही.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात तुला कंटाळा येईस्तोवर सांगणार आहे. डाव सगळ्यांना द्यायचा. बातमी, बक्षीस, भाषण सगळं नंतर. आधी डाव.

हे मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. लालबागच्या चाळीत शिकलो आणि नोकरी लागल्यावर विसरलो. आमच्या गल्लीत बॅटिंगचा क्रम ठरवायला जमिनीवर रेघा ओढायचे, प्रत्येक रेघेला एक आकडा, आणि आकड्यांवर बॅट आडवी ठेवायची. ज्याने जी रेघ धरली, तो त्याचा नंबर. बॅट ज्याच्या बापाने घेतलेली, त्याचाही नंबर शेवटचा येऊ शकायचा. एकदम चिमुरडं कुणी असलं तर ते कच्चा लिंबू, त्याला आऊट करायचं नाही पण खेळवायचं. आणि सगळ्यात मोठा गुन्हा कोणता? स्वतःची बॅटिंग उरकून, डाव न देता घरी पळणं. तसा पळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी खाली आला तर कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. दहा वर्षांच्या पोरांनी केलेला कायदा होता हा, आणि तो पाळला जायचा.

आता माझं ऐक. ९०च्या दशकातली गोष्ट. बाराचा संघ, नऊ मैदानात, तीन राखीव. राखीवांत एक मुलगा होता, हाडाचा काटकुळा, पळायला बरा, सूर मारायला घाबरायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फक्कीने मैदान आखायचा. माझ्यापेक्षा सरळ रेघ मारायचा तो. गटातले तीन सामने झाले. तिसरा आम्ही हरलो असतो तरी पुढे जाणार होतो. त्या दिवशी त्याची आई आली होती, कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा करून. मैदानाच्या कडेला चपला काढून त्यांच्यावर बसली होती. पोरगा वॉर्मअप करून, बुटांच्या नाड्या दोनदा बांधून माझ्याकडे बघत होता. मी तेच नऊ उतरवले. लय बिघडायला नको म्हणून. 'लय', शब्द बघ कसा असतो.

अंतिम सामना जिंकलो. ढाल आली. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने मीच लिहिलं, 'आपले नऊ वीर', आणि खाली नऊ नावं. बारा लिहायला जागा होती गं. फळा चांगला मोठा होता.

तो मुलगा मैदानावर परत आला नाही. मी विचारलंही नाही. त्याचा डाव न देता मी पळालो, आणि माझ्याशी कुणी बोलणं टाकलं नाही, उलट सत्कार केला.

तू म्हणशील, सर, मग तेव्हा का नाही उतरवलं? अगं, त्या वर्षी खेळाचा तास बंद करून गणिताचा जादा तास लावायचं चाललं होतं. ढाल आली नसती तर तास गेला असता, तासाबरोबर मैदानाचं भाडं गेलं असतं, मग पुढच्या दहा वर्षांतली पोरं कुठे खेळली असती? हा हिशेब मी तेव्हा केला होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी तो मांडतो. पण तिसऱ्या सामन्याला तो हिशेब लागू होत नव्हता. तिसरा सामना फुकटचा होता. तेवढ्या जागी माझं गणित अडतं.

तू मेसेजच्या शेवटी अमोल मुजुमदारचं उदाहरण दिलंस. मुंबईत खेळ शिकवणारा प्रत्येक जण कधी ना कधी ते देतो. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा उपांत्य सामना. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४ धावांची, आणि पुढचा फलंदाज मुजुमदार पॅड बांधून बसून राहिला, त्याचा नंबर आलाच नाही. पुढे त्याने प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा केल्या, भारताची टोपी काही मिळाली नाही, आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच. म्हणून तू त्या मुलीला सांगणार, 'बघ, वाट बघणाऱ्याला फळ मिळतं.'

नको सांगूस. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, मीसुद्धा त्या रात्री टीव्हीसमोर डोळे पुसले. पण तो पॅड बांधून बसला होता तो उत्तम फलंदाज म्हणून. पुढच्या सामन्यात त्याचा नंबर येणार हे अख्ख्या मैदानाला माहीत होतं. तुझ्या राखीव मुलींना पुढचा सामनाच नाही. प्राथमिक शाळा संपली की दुसरी शाळा, दुसरा रस्ता, संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळायचं. त्यांचं खेळणं म्हणजे तुझ्या हातातली ही दोनेक वर्षं. त्यांना सदतीस वर्षांनंतरचा चषक दाखवू नकोस. तीन मिनिटं मैदानात सोड.

आणि उलट टोकालाही जाऊ नकोस. हल्ली सगळ्यांना मेडल वाटतात, पतंगाच्या कागदाएवढी पातळ. मुलं खुळी नसतात, कोण पहिलं आलं ते त्यांना ठाऊक असतं. बक्षीस जिंकणाऱ्यालाच दे, खुशाल दे. मी डाव म्हणतोय, बक्षीस नव्हे. या दोन्हींत गल्लत करणारे माझं ऐकून घेतल्यासारखं करतात आणि मेडलची ऑर्डर देऊन मोकळे होतात.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने नेपाळला हरवलं, तेव्हा तुझ्याकडे चाळीस मुली नाव द्यायला आल्या होत्या असं तूच सांगितलं होतंस. बारा घेतल्यास. उरलेल्या अठ्ठावीस कुठे आहेत? हा टोमणा नाही. बरं, थोडा आहे.

आता बातमी. साधी लिही. किती सामने झाले, कोणाशी, किती गुणांनी जिंकलो, किती गुणांनी हरलो. बाराही नावं, वर्णानुक्रमे, पूर्ण नावं, आईच्या नावासकट. फक्की कोणी टाकली, पाण्याचा कॅन कोणी उचलला. त्या शिट्टीचा उल्लेख करू नकोस, तो सामन्याचा एक क्षण आहे, शाळेची बातमी नाही. बाईंना जिंकलेल्या सामन्याचाच फोटो हवा असेल तर बाराजणींचा काढलेला दे. तसा काढलाच नसशील तर तो गुन्हा तुझा, माझ्यासारखाच, आणि पुढच्या वेळी काढ. ग्रुपवर उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. तिथे कुणी हरत नाही.

उद्या शाळा सुटल्यावर तिच्या घरी जा. एकटी जाऊ नकोस, खो देणाऱ्या मुलीला बरोबर घे. तू आईशी चहा घेत बस आणि त्या दोघींना गॅलरीत सोड. काय बोलल्या ते विचारू नकोस. निघताना एवढंच सांग की शनिवारी सकाळी सात वाजता सराव आहे. टाकीच्या समोरच्या बाजूला आणखी तीन चौरस बसतात, मी मोजून बघितलंय, फक्त स्कूटर हलवावी लागेल. ते बाईंना तू सांग, माझं नाव सांगितलंस तरी चालेल, माझ्यावर त्या तशाही रागावलेल्याच असतात.

फक्की साडेसहाच्या आत टाका. आधी पाणी शिंपडा, नाहीतर वारा सुटला की रेघ उरत नाही.

तुझा,
सर