सोंगटी परत टाकली की काय होतं?

प्रश्न: कॅरमच्या १९ सोंगट्या पिशवीत टाकून डोळे मिटून एक काढायची, बघून परत टाकायची असा खेळ चाललाय. ३ वेळा पांढरीच आली, तर भाऊ म्हणतो आता काळीच येणार. खरंय का?

उत्तर: अजिबात नाही हो, पिशवीला काय आठवतंय आधी काय निघालं ते! सोंगटी परत टाकून नीट हलवलंत की पुन्हा ९ काळ्या, ९ पांढऱ्या, १ राणी, म्हणजे काळीचा चान्स तोच, ९/१९. सलग दोनदा राणी हवी तर गुणाकार करायचा, १/१९ × १/१९ म्हणजे ३६१ मध्ये १, आणि परत टाकलीच नाहीत तर शून्य, कारण राणी एकच ना. भावाशी पैज लावा खुशाल, फक्त आइस्क्रीमचीच!