वकिली करत असताना राजकारणात उतरावं का? प्रॅक्टिस बुडते का?

तुम्ही विचारलंय की तालुका कोर्टात काही वर्षं प्रॅक्टिस झालीय, आता नगरपंचायत किंवा झेडपी लढवायची आणि पुढे आमदारकीचं बघायचं, तर वकिलीचा उपयोग होतो का. मी सिंधुदुर्गात वकिली करते, एक टर्म नगरसेविका होते. माझं उत्तर: होतो, आणि खूप होतो, पण भाषण करता येतं म्हणून नाही, तर कागद वाचता येतो म्हणून.

कोकणात माणसाचं अर्धं दुखणं सातबाऱ्यावर असतं. एका गुंठ्याला पन्नास नावं, त्यातले निम्मे चाकरमानी मुंबईत, कुणी मयत पण वारस नोंद नाही, कुठे कूळ लागलेलं, आणि आंबोली-गेळे-चौकुळला तर कबुलायतदार गावकर प्रश्न, म्हणजे गावाने सामाईक कसलेल्या जमिनीवर मालकी कुणाची हा वाद, पिढ्यानपिढ्या चाललेला. किनाऱ्याला गेलात तर सीआरझेड, किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम, म्हणजे स्वतःच्या जागेत घर दुरुस्त करायचं तरी माणूस घाबरतो. अशावेळी "वकीलसायब, ह्यो कागद जरा बघा" म्हणत जो येतो त्याला नीट बसवून समजावलंत की तो मतदार होतोच असं नाही, पण तुमच्यावर विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास प्रचारात विकत मिळत नाही.

आपल्याकडे ही परंपरा आहे हो. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, राजापूरमधून 1957, 62 आणि 67 ला खासदार झाले, आणि गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असं ठरवल्यावर तो घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. खोतीविरुद्ध, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीविरुद्ध, अलिबागकडे चरीचा शेतकरी संप 1933 पासून चालला होता आणि 1937 ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, प्रत्यक्ष कायदा आला तो 1949 ला. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना 1981 ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती खोतीची गोष्ट, कारण रस्त्यावर कुळं लढत होती आणि सभागृहात त्यांचं दुखणं कायद्याच्या भाषेत मांडणारा वकील होता. दोन्ही लागतं.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर आमदार-खासदारांना वकिली करता येते, सुप्रीम कोर्टाने 2018 ला ते स्पष्ट केलंय. खरी अडचण खालच्या, म्हणजे स्थानिक पातळीवर आहे. नगरसेवक झालात की नगरपंचायतीशी संबंधित केस घेऊ नका, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही, 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम 44 फॉर्म भरायच्या आधी वाचून काढा, नाहीतर पदच जाईल. ठेकेदार अशील असेल तर त्याचा विषय सभेत आला की उठून बाहेर जा आणि तशी नोंद प्रोसिडिंगमध्ये घ्यायला लावा. बाकी प्रॅक्टिस कमी होतेच, तारखा चुकतात, म्हणून विश्वासाचा ज्युनिअर आधी तयार करा, नाहीतर घर कशावर चालणार? घर चाललं नाही की माणूस ठेकेदाराच्या हातात जातो, हे मी जवळून बघितलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आमदारकीचं आत्ता डोक्यात नका ठेवू. तिकिटाला पैसा, पक्ष, जात, गावकी सगळं बघतात, तिथे वकिलीची सनद कोणी विचारत नाही. आधी एखाद्या प्रभागातून किंवा पंचायत समितीतून जा.

आणि आरक्षण सोडतीची वाट बघत बसू नका. मतदारयादी घेऊन वाडीवाडीत फिरा, मयत नावं, दुबार नावं काढा, हरकत मुदतीतच घ्या. राखीव जागा असेल तर जात वैधतेची फाईल आत्ताच लावा, आणि पॅनलमधल्या प्रत्येकाला 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या तिसऱ्या अपत्याचं आधी विचारा, त्यावरून उमेदवार अपात्र ठरतो आणि छाननीच्या दिवशी समोरचा वकील तेच काढतो.