छोट्या ब्लॅक बॉक्स थिएटरमध्ये ऐतिहासिक नाटक बघायला पहिल्यांदाच चाललोय. ना सेट, ना भरजरी कपडे म्हणे. मजा येते का? कुठे बसावं?

जा. फक्त जायच्या आधी बाथरूमला जाऊन या. चेष्टा करत नाहीये.

आमचा कपडेपटाचा धंदा. अंगरखे, जामे, पगड्या, जिरेटोप, सगळं भाड्याने. बालगंधर्व 1968 साली उघडलं, तेव्हापासून बाबा तिथल्या विंगेत सुईदोरा घेऊन उभे. खाडिलकरांचं 1909 चं 'भाऊबंदकी' कुणी हौशी मंडळींनी काढलं की राघोबाची पगडी आमच्याकडूनच जायची. बाबांचं ठाम मत होतं, पगडी काढली की पेशवा संपला.

सात-आठ वर्षांपूर्वी मी त्यांना शनिवार पेठेतल्या एका छोट्या थिएटरात नेलं. नारायणरावाच्या खुनावरचं नवं नाटक, आणि शनिवारवाडा तिथून चालत दहा मिनिटांवर! साठ-सत्तर खुर्च्या, काळ्या भिंती, पडदा नाही, विंगा नाहीत. नट आले ते काळ्या कुर्त्यांत. रघुनाथरावाच्या खांद्यावर तेवढं एक उपरणं. तेच जमिनीवर पसरलं की मसनद. "तालीम आहे का ही?" बाबांनी विचारलं. अशा जागी पुटपुटलेलंही सगळ्यांना ऐकू जातं.

मग 30 ऑगस्ट 1773 उजाडला. अठरा वर्षांचा नारायणराव धावत आला आणि चुलत्याला मिठी मारायला निघाला, तो आमच्या पायांपासून दोन हातांवर. त्याच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. गारद्यांकडे तलवारी नव्हत्या, जमिनीवर आपटायच्या लाठ्या होत्या. त्या आवाजाने माझ्या खुर्चीचे पाय हादरत होते. आणि नेमके तेव्हाच बाबा उठले. वय 78, प्रोस्टेटचा त्रास, आणि दार समोरच्या बाजूला. काठी टेकत ते थेट गारद्यांच्या मधून निघाले. गारदी थबकले. राघोबा झालेला नट त्याच आवाजात म्हणाला, "वाट द्या रे त्यांना." लाठ्या खाली आल्या, बाबा गेले, लाठ्या पुन्हा वर. कुणी हसलं नाही. परत मात्र दारावरच्या मुलाने त्यांना आत सोडलं नाही.

आता आमचा दादा लग्नामुंजीत काय सांगत फिरतो? "बाबा भर प्रयोगातून उठून गेले, काळे कुर्ते बघवेनात." अरे, तू होतास का तिथे? तू त्या दिवशी सांगलीला गॅदरिंगची ऑर्डर पोचवत होतास! बाबा लघवीला गेले होते. नंतरचा अर्धा तास ते बाहेर दाराला कान लावून उभे होते. 'काका, मला वाचवा' त्यांनी तिथूनच ऐकलं. रिक्षात म्हणाले, "पोराचा आवाज खरा होता. आपल्याकडे तो माइकमधून येतो."

तुमचा प्रश्न राहिलाच. दुसऱ्या रांगेत बसा, पहिलीत पाय आखडून बसावं लागतं. बाबांसारखा त्रास असेल तर दाराजवळ. फोन बंद म्हणजे बंदच, तिथे व्हायब्रेशनही ऐकू येतं. सगळीच अशी नाटकं चांगली असतात असं नाही हं. काही ठिकाणी नुसते पैसे वाचवलेले असतात आणि त्याला प्रयोग म्हणतात, धंद्यातली आहे म्हणून कळतं. नटाची जीभ पेशवाई मराठीला वळत नसेल तर दोन हातांवरून ते सहन होत नाही. लपायला पगडीही नसते. हत्ती-घोडेच बघायचे असतील तर मैदानावरचं महानाट्य बघा, त्यातही काही वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ट्रंकेतलं जरीकाठी उपरणं काढून त्या राघोबासाठी माझ्याकडे दिलं. हरवलेल्या सेफ्टी पिनेचेही पैसे लावणारा माणूस! दादा म्हणतो, त्यांना त्या नटाचं पॉलिएस्टरचं उपरणं बघवलं नाही, म्हणून दिलं. तसं ते म्हणाले होते खरे. पण वहीत बाबांच्या अक्षरात नोंद आहे: 'उपरणं 1, दिले'. आणि शेजारच्या 'आले'च्या रकान्यात त्यांनी त्याच दिवशी आडवी रेघ मारून ठेवलीये. त्या रेघेचं काय, हे मी दादाला तीनदा विचारलंय.