आधी इनवर्डचा शिक्का, मग कोर्ट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यात पेडण्याला तुमच्या शेजारच्या सखल शेतात रात्री टिपर (मातीचे ट्रक) येऊन माती ओततात, पहिल्याच पावसात मेरेवरून, म्हणजे बांधावरून, पाणी तुमच्या शेतात तुंबलं, गाव म्हणतो जनहित याचिका घाला, आणि वकिलाची फी ऐकून तुम्ही गप्प बसलात. मी वकील नव्हे. डिचोलीत मास्तर होतो, आणि अशाच एका भरावापायी चार वर्षं पर्वरीच्या हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

जनहित याचिका तूर्त बाजूला ठेवा. यात माझा वैयक्तिक स्वार्थ नाही, असं तिथे शपथेवर सांगावं लागतं. तुमचं तर स्वतःचं शेत बुडतंय. समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवील. तुमच्यासाठी साधी रिट याचिका (सरकारी खात्याविरुद्ध थेट हायकोर्टात) किंवा दिवाणी दावा बरा. सगळ्या गावाचा व्हाळ (ओढा) बुजत असेल, तर ज्याचं तिथे शेत नाही अशा कुणी जनहित घालावी.

आणि काहीही घाला, न्यायाधीश आधी विचारणार, खात्याकडे तक्रार केली होती का, आणि कधी? आम्ही इथेच आपटलो. अर्ज हातात दिला, साहेब ‘बघतो’ म्हणाले, आम्ही पोच न घेताच घरी आलो. पुढे त्याच कार्यालयाने असा अर्ज आलाच नाही म्हणून लिहून दिलं. गहाळ झाला की केला, देव जाणे. दोन पावसाळे त्यातच गेले.

म्हणून प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात १७-अ कलम आहे: डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची तर आधी लेखी परवानगी लागते. तक्रार नगर नियोजनच्या तालुका कार्यालयात द्या, प्रती उपजिल्हाधिकारी, मामलेदार आणि पंचायतीला. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढून सर्व्हे नंबर पोटविभागासकट लिहा. आमचा पोटविभाग चुकला होता आणि पाहणीला आलेला माणूस भलत्याच शेतात फिरून गेला. त्याच दिवशी १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारा, या सर्व्हे नंबराला भरावाची परवानगी किंवा सनद (शेतजमीन बिगरशेती करण्याची मंजुरी) दिली आहे का? उत्तराला ३० दिवस. ‘नोंद आढळत नाही’ एवढं आलं तरी तो तुमच्या हातातला पुरावा.

तारखेचं महत्त्व आम्हां खाणपट्ट्यातल्या डिचोलीकरांना कुणी शिकवायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोव्याच्या खाणींच्या खटल्यात सांगितलं की लीझ, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्या होत्या, त्यानंतरचं खोदकाम बेकायदा. कागदावरच्या एका तारखेने अख्ख्या धंद्याचा हिशेब फिरवला. (२०१८ मध्ये लीझ पुन्हा रद्द झाल्या तेव्हा खनिज वाहणारा ट्रकवाला शेजारी माझ्याशी बोलेनासा झाला. जनहितातले जन कोण, हा प्रश्न तेव्हापासून मला सुटलेला नाही.)

आता फीचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. मुंडकारीचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या हक्काचं) प्रकरण मामलेदारापुढे असलं तरी ही मदत मिळते, हे फार थोड्यांना माहीत असतं. फुकटचा वकील म्हणजे कच्चाच, असं नाही. आमच्या बाजूला दुसऱ्या वर्षापासून असाच एक तरुण मुलगा होता. फाइल वाचून यायचा, जे आमच्या पहिल्या, पैसे घेणाऱ्या वकिलाने क्वचित केलं. तरी नेमलेला माणूस तारखांना येईनासा झाला तर समितीकडे लेखी कळवून बदलून मागा.

तुमचं शेत खाजन असेल, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) आत-बाहेर होत असेल, तर प्रकरण बदलतं. खाजनात बांधकाम-विकासाला किनारी नियमांत मनाई आहे, त्यामुळे राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांच्या न्यायालयाचं, दार उघडतं. तिथे भरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये, पण मुदत कडक: कारण घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी ६० दिवस. आपला लवाद पुण्याला आहे. २०१७ साली केंद्राने गोव्याची प्रकरणं दिल्लीला हलवली होती; आपल्याच हायकोर्टाने ती अधिसूचना त्याच वर्षी रद्द केली. पेडण्यातून पुण्याला जाऊन येणंच कंबर मोडतं, दिल्लीला कोण गेलं असतं?

तेव्हा पहिला टिपर कधी आला ती तारीख आजच लिहून ठेवा, फोटोंसकट. उतारा आणि नकाशा हाती आला की मानस कुठे आहे ते इथे कळवा, सर्व्हे नंबर मात्र उघड टाकू नका. आणि रात्री टिपरसमोर एकट्या जाऊ नका. आमच्यातल्या एकाचा मोबाइल असाच व्हाळात गेला.