आधी शेड, मग शेपटी. एफडीला हात नको

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. हवाई दलात 20 वर्षं विमानांची देखभाल, आता वरुडकडे सहा एकर संत्रा आणि घराला लागून 18 बाय 30 फुटांचं टिनाचं गॅरेज. ते रिकामं करून तिथे दोन आसनी किटचं, म्हणजे तयार सुटे भाग मागवून घरी जोडायचं, विमान बांधायचंय. गॅरेजच्या कामाला 6 लाख लागतील. ते 22 लाखांच्या एफडीतून काढू की कर्ज घेऊ, हा तुमचा प्रश्न. लेक यंदा दहावीला.

गॅरेज करा. पण 6 लाखांचं नको, आणि एफडी मोडून तर मुळीच नको.

त्या एफडीतला मोठा वाटा कम्युटेशनचा आहे, म्हणजे तुमच्याच पेन्शनची आगाऊ उचल. ती 15 वर्षं दर महिन्याला कापली जाणार आहे. हे पैसे शेडच्या फरशीत घातले, तर कपात चालूच राहील आणि दोन वर्षांनी लेकीच्या कॉलेजची फी भरायला हाताशी काही नसेल. कर्जाचंही पाहा: 6 लाख, 11 टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण 13,045 रुपये. एकूण फेड 7 लाख 83 हजारांच्या आसपास. फळगळ झाली त्या वर्षीही हप्ता थांबत नाही.

तुमच्या यादीतून मी एसी, इपॉक्सी फरशी आणि नवं रोलिंग शटर काढलं. छताला उष्णतारोधक थर, चांगलं अर्थिंग, भक्कम टेबलं आणि कॉम्प्रेसर ठेवला. एवढं सव्वादोन लाखांत बसवा. संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा झाला की त्यातून, दोन टप्प्यांत. छतावर कंजुषी करू नका. विमानाचा ॲल्युमिनियमचा तीन मीटरचा भाग 30 अंशांनी तापला की सुमारे दोन मिलिमीटर लांबतो, त्याला धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा त्याच्या निम्माच. मे महिन्यात त्या टिनाखाली माप जुळायचं नाही, आणि तुम्हीही टिकणार नाही. एसीपेक्षा पहाटेचं काम बरं.

वीज विहिरीच्या पंपाच्या मीटरवरून घेण्याचा विचार सोडा. शेतीची जोडणी वर्कशॉपला वापरली तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडे रीतसर वेगळी जोडणी मागा.

खरा खर्च शेडचा नाहीच, किटचा आहे, आणि तो डॉलरमध्ये. 2014 साली साधारण 60 रुपयांचा डॉलर 2024 अखेर 85 च्या घरात गेला. म्हणून पूर्ण किटची आगाऊ रक्कम भरू नका. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या मोठ्या किट कंपनीने दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागितलं, तेव्हा आधी पैसे भरून बसलेल्यांनाही वाढीव भाव मान्य करावे लागले. पहिल्यांदा फक्त शेपटाचा भाग मागवा. तो हिवाळ्यात तुमच्या हातून नीट रिव्हेट झाला, तर पुढचा टप्पा. इंजिन सगळ्यात शेवटी. ते आणून धूळ खात ठेवणं म्हणजे अडकलेलं भांडवल.

डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी आणि उड्डाण परवाना या कामाला वेळ लागतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 च्या फेब्रुवारीत लोकांनी पाहिलं; त्याची नोंदणी झाली 2017 च्या नोव्हेंबरात. तोवर खर्च थांबत नाही. तुम्ही तंत्रज्ञ आहात, वैमानिक नाही. वैमानिकाच्या परवान्याचं प्रशिक्षण आणि धावपट्टीजवळची जागा, हे दोन आकडे तुमच्या हिशोबात नाहीत. तेवढे काढून मला कळवा, मग किटबद्दल बोलू.

तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. 20 वर्षं दुसऱ्यांची विमानं सांभाळली, आता स्वतःचं असावं असं वाटणं मला मनापासून पटतं. वहिनींसमोर मात्र हा कागद ठेवा. एफडीवर त्यांचंही नाव आहे.

आणखी एक, पैसे न लागणारं. बोर्डो फवारणीसाठीची मोरचुदाची पोती त्याच गॅरेजात आहेत असं तुम्ही लिहिलंय. मोरचुदातलं तांबं ओल लागली की ॲल्युमिनियमला खातं. पत्र्याचा पहिला तुकडा घरी येण्याआधी ती पोती मळ्यातल्या कोठ्यात हलवा आणि फरशी दोनदा धुऊन घ्या.