शब्द सगळे पाठ, तरी उतारा डोक्यावरून जातो: चेंगदूचा पोरगा आणि माझे वाया गेलेले आठ महिने

तुमची पोस्ट वाचली आणि चहा तसाच राहिला हातात. "सिंगापूरला नवीन आलोय, शेजारच्या चायनीज मुलाला (वय १३) इंग्लिश शिकवतेय, कुठलाही शब्द विचारा, धाडकन अर्थ सांगतो, पण कॉम्प्रिहेन्शनच्या दहा प्रश्नांतले तीनच बरोबर येतात, अजून किती शब्द पाठ करून घेऊ?" अहो, हेच वाक्य मी २०१६ मध्ये माझ्या बहिणीला फोनवर बोललेय, जवळपास शब्दाला शब्द. म्हणून जरा लांब लिहिते, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधीच सांगते, मी भाषाशास्त्र वगैरे शिकलेली नाही. सांगलीला सेमी-इंग्लिश शाळेत सहा वर्षं इंग्लिश शिकवलं, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि आता पीआर (कायमची रहिवासी) आहे. आत्तापर्यंत बारा-तेरा चायनीज मुलं शिकवली, तीही बहुतेक चीनमधून आलेली, इथे जन्मलेली नाही, त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. रोज वाचायला लावा, गोष्टीची पुस्तकं द्या हे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देते.

तर माझा पहिला विद्यार्थी चीनमधल्या चेंगदू शहरातला. आमच्याच ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर आई आणि तो. बाप तिकडे नोकरी करून पैसे पाठवायचा. अशा आयांना इथे 'फेय-दू मामा' म्हणतात, म्हणजे पोराच्या शिक्षणासाठी सोबत येऊन राहिलेली आई. सरकारी शाळेत जायचं तर एईआयएस, म्हणजे परदेशी मुलांची प्रवेश परीक्षा, पास व्हावी लागायची, इंग्लिश आणि गणित, आणि तोपर्यंत प्रायव्हेट शाळेची फी भरत बसायचं. गणित त्याला हातचा मळ. सगळं अडलेलं इंग्लिशवर.

पोरगा हुशार होता हो. चीनमध्ये २००१ पासून इंग्लिश तिसरीपासून सुरू करायचं धोरण आहे, म्हणजे हा चार-पाच वर्षं इंग्लिश शिकूनच आलेला. शब्दांची वही बघितली तर मी थक्क, दोन-अडीच हजार शब्द, प्रत्येकापुढे एक चायनीज अर्थ. (त्यांच्या परीक्षांची शब्दांची पुस्तकं एबीसीडीप्रमाणे असतात आणि 'अबँडन' (म्हणजे सोडून देणं) ह्या शब्दापासून सुरू होतात, म्हणून तिकडे जोक आहे की बऱ्याच पोरांचं पाठांतर पहिल्याच शब्दाला अबँडन होतं. ह्याचं झालं नव्हतं, हा झेडपर्यंत गेलेला.)

आणि आता माझी घोडचूक. मी पहिल्या दिवशी नियम केला की माझ्या घरात चायनीज बंद, फक्त इंग्लिश. सांगलीत आम्ही हेच करायचो, इंग्लिशच्या तासाला मराठी बोललं की एक रुपया दंड. मला वाटायचं हेच बरोबर. उतारा वाचला की मी विचारायची, "अंडरस्टँड?" तो म्हणायचा "येस टीचर." मग प्रश्न चुकले की मी म्हणायची शब्द कमी पडतायत, घे अजून वीस.

त्यात भर म्हणजे तो शनिवारी एका ट्युशन सेंटरला जायचा. नाव घेत नाही, अजून चालू आहे आणि भिंतीवर टॉपर्सचे फोटो आहेत. तिथे दर वेळी पन्नास शब्द आणि एक ट्रिक. प्रश्नातला शब्द उचल, उताऱ्यात तोच शब्द शोध, आजूबाजूचं वाक्य उतरव. बास. दर महिन्याला एक रिपोर्ट, त्यावर फक्त आकडा, ४१ टक्के, ४३ टक्के, ४० टक्के. मी त्या आईबरोबर स्वतः गेले आणि म्हटलं की चुकलेले पेपर दाखवा, कुठे अडतोय ते कळू दे. तर काउंटरवरची बाई म्हणाली पेपर बाहेर देत नाही, पॉलिसी आहे. शिकवणाऱ्या सरांना भेटू का, तर तेही नाही, ते बिझी. मग म्हणे ४० टक्के म्हणजे व्होकॅब्युलरी वीक आहे, आमचा हॉलिडे इंटेन्सिव्ह (सुट्टीतला जादा क्लास) घ्या. आणि त्या माऊलीने घेतला!! किती पैसे गेले ते लिहीत नाही, आजही वाईट वाटतं. पण खरं सांगायचं तर सेंटरला काय बोलणार, मीही तेच करत होते, फक्त फुकट.

सप्टेंबरची एईआयएस गेली. नापास.

त्यानंतर एक दिवस आई त्याला न्यायला आली तेव्हा उतारा चालू होता, ती बसली, आणि मी वैतागून म्हटलं जा, आज नियम मोडू, तू काय वाचलंस ते आईला चायनीजमध्ये सांग. त्याने घडाघडा सांगितलं. मग आईने मला मोडक्या इंग्लिशमध्ये आणि फोनवरच्या ट्रान्सलेटरने तीच गोष्ट सांगितली. आणि ती गोष्ट उताऱ्यात नव्हतीच!

उताऱ्याचं पहिलं वाक्य असं होतं: 'द मॅन माय अंकल हॅड हेल्प्ड केम टू अवर शॉप.' काकाने पूर्वी ज्याला मदत केली तो माणूस दुकानात येतो आणि उपकार फेडतो, अशी सरळ गोष्ट. ह्याने वाचलं: एक माणूस, माझा काका, मदत केली, दुकानात आले. म्हणजे दोघं आले. मग पुढे प्रत्येक इंग्लिश 'ही' म्हणजे काका. काकानेच पैसे दिले, काकाच रडला, काकाच निघून गेला. त्याच्या डोक्यातल्या गोष्टीप्रमाणे त्याची दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती हो! आणि वाक्यातला एकही शब्द असा नव्हता जो त्याला येत नव्हता.

मी आईला विचारलं हे वाक्य तुमच्यात कसं म्हणाल. ती म्हणाली, 'वो शू-शू पांग-क्वो द ना-क रन'. एकेक शब्द फोडून घेतला: माझा काका, मदत केलेला, तो, माणूस. 'माझ्या काकाने मदत केलेला तो माणूस.' अरे, ही तर आपलीच रचना! आपल्यासारखंच त्यांच्यातही सगळं वर्णन आधी येतं आणि माणूस शेवटी. त्यांचा तो 'द' आपल्या 'केलेला'मधल्या 'लेला'सारखं काम करतो. इंग्लिशमध्ये उलटं, माणूस आधी टाकून देतात आणि त्याच्याबद्दलची माहिती मागून जोडतात, आणि वर 'हूम' पण गाळून टाकतात, म्हणजे इथे जोड आहे हे सांगायला काही खूणच नाही. पोराला ती मागची शेपटी म्हणजे नवीन घटना वाटत होती.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: ह्या मुलांचं घोडं शब्दांवर अडत नाही, वाक्याच्या सांध्यावर अडतं. आणि मराठी माणसाला हे पटकन दिसू शकतं कारण आपली भाषा ह्या बाबतीत त्यांच्या बाजूची आहे. (वाक्याचा क्रम नाही हं, त्यांचं क्रियापद इंग्लिशसारखं मधेच येतं, नाहीतर कुणीतरी खाली येऊन माझी चूक काढेल.)

एकदा हे दिसलं की बाकीचे सांधे दिसायला लागतात. 'ऑल्दो' घ्या. चायनीजमध्ये स्वेरान-तानश अशी जोडी असते, अगदी आपल्या जरी-तरीसारखी. इंग्लिशमध्ये ऑल्दो आला की पुढे 'बट' येत नाही, मग हा 'तरी'ची वाट बघत बसतो आणि वाक्य वळलेलं त्याला कळतच नाही. मी सांगितलं की स्वल्पविराम दिसला की तिथे पेन्सिलने आपला 'तानश' लिही. आठवड्याभरात सुटलं. 'नॉट अंटिल' तर सगळ्यांनाच छळतं. 'ही डिड नॉट ओपन द लेटर अंटिल हिज मदर लेफ्ट.' पत्र उघडलं का? हा म्हणतो नाही, 'नॉट' आहे ना. आई गेल्यावरच उघडलं, हे त्याला त्याच्या भाषेत म्हणायला लावलं तेव्हा बसलं.

'ही, शी, इट'चं वेगळंच. मँडरिनमध्ये, म्हणजे त्यांच्या चायनीजमध्ये, तिघांचा उच्चार 'था'च, लिहिताना अक्षर वेगळं. आणि बोलताना सर्वनाम गाळून टाकायची सवय, आपल्यासारखीच. त्यामुळे 'इट' आणि 'धिस'वरून नजर नुसती घसरत जाते. ह्यावर एकच व्यायाम, कंटाळवाणा पण रामबाण: प्रत्येक इट, धिस, देम, हूवर गोल करायचा आणि ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत बाण काढायचा. बाण काढता आला नाही तर तिथेच थांबायचं, प्रश्नांकडे जायचंच नाही. पहिले पंधरा दिवस कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, दिसू दे.

'हॅड'चंही तसंच. त्यांच्यात क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही, 'काल', 'आधी' असे शब्द किंवा छोटे प्रत्यय काम भागवतात. त्यामुळे फ्लॅशबॅक आला की आजी मेल्यानंतर पत्र लिहिते. घटना चिठ्ठ्यांवर लिहून क्रम लावायला सांगा, पोरं हसत हसत करतात.

अजून एक, हे मला फार उशिरा सुचलं. चायनीज छापील मजकुरात शब्दांमध्ये जागाच नसते. कुठे तोडायचं हे वाचणारा डोळ्यानेच ठरवतो. म्हणजे तुकडे पाडायची कला ह्या मुलांकडे आहेच, पण इंग्लिशमध्ये जागा आयत्या मिळाल्यावर ती शब्दाशब्दाला थांबतात. त्याला म्हणा की जागा विसर, अर्थाचे तुकडे पाड आणि मध्ये तिरकी रेघ मार. 'द मॅन माय अंकल हॅड हेल्प्ड' हा एक तुकडा, मग रेघ, मग 'केम', मग रेघ. मग मोठ्याने त्याच तुकड्यांत वाचायला लावा. चुकीच्या जागी श्वास घेतला की समजा अर्थ पण चुकलाय.

शब्द अजिबात नकोत असं नाही म्हणत मी. पॉल नेशन म्हणून भाषाशिक्षणातले मोठे अभ्यासक आहेत, त्यांच्या कामावरून ढोबळ हिशोब असा की मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे दोनशे शब्दांच्या पानावर चार अनोळखी, त्याहून जास्त असतील तर पुस्तक बदला, लाज वाटायचं कारण नाही. तेरा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलाचं पुस्तक वाचेल, वाचू दे. पण 'ओळखीचा' म्हणजे वहीतला एक अर्थ नव्हे. ॲड्रेस म्हणजे पत्ता एवढंच पाठ असेल तर 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' वाचून तो प्रॉब्लेमचा पत्ता शोधत बसणार. आणि ते स्कॅन करणारं डिक्शनरी पेन पहिल्या वाचनाला ड्रॉवरमध्ये, दुसऱ्या वाचनाला बाहेर. ह्यावरून आयांशी भांडणं होतात, महागाचं असतं ना.

आई शब्दांचा आग्रह का धरते तेही समजून घ्या. तिकडे गाओकाओत, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत, इंग्लिश १५० मार्कांचं, बहुतेक ठिकाणी वाचनाला ५०, आणि वाचनाचे सगळे प्रश्न पर्याय निवडायचे. इथे सेकंडरीला 'तुझ्या शब्दांत लिही' म्हणतात आणि उताऱ्यातली ओळ उचलली की मार्क गेले. सेंटरची ती शब्द शोधायची ट्रिक इथेच माती खाते.

एक शंका मात्र आधी मिटवून घ्या. मुलगा चायनीज पुस्तकं नीट वाचतो का हे आईला विचारा. तिथेही अडखळत असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, तो वेगळा विषय आहे आणि तपासणी करून घ्यायला हवी. माझ्याकडची एक मुलगी तशी होती आणि मी तिला उगाच चार महिने बाण काढायला लावले.

आणि विषय निघालाच आहे तर, तुम्ही डिपेंडंट पासवर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणारा इथे राहायचा परवाना) असाल तर पैसे घेऊन शिकवू नका, मे २०२१ पासून कामासाठी वेगळा वर्क पास लागतो. शेजारधर्म म्हणून शिकवताय ते ठीक, पण कुणी पाकीट हातात देऊ लागलं तर आधी नियम बघा. त्या आईने मला डंपलिंग्ज खायला घातले, आम्ही शाकाहारी म्हणून अंडंही न घालता, ते चालतं बहुतेक :)

माझा तो चेंगदूचा पोरगा फेब्रुवारीतल्या एस-एईआयएसला (त्याच परीक्षेची पुरवणी फेरी) पास झाला. वयाने सेकंडरी २ चा (आपली साधारण आठवी), जागा मिळाली एक वर्ष खाली, सेकंडरी १ ला. सप्टेंबरच्या आधी मी एकदा जरी त्याला त्याच्या भाषेत बोलू दिलं असतं तर, जाऊ दे.

तुम्ही ह्या आठवड्यात एवढंच करा. एक छोटा उतारा, शंभर शब्दांचा, प्रश्न नकोत. त्याला चायनीजमध्ये आईला सांगू दे, आईला तुम्हाला सांगू दे, ट्रान्सलेटर वापरला तरी चालेल. गोष्ट जिथे फुटते ते इंग्लिश वाक्य इथे टाका. मी रात्री जेवणं आटपल्यावर बघते, साडेनऊ-दहा होतील.