पैसे वाटून झाले, आता परत कसे आणायचे?

प्रश्न : आमच्या साइटवर अकरा कारागिरांच्या कोल्हापुरी चपला विकल्या जातात. पैसे आमच्या चालू खात्यात येतात आणि दर शनिवारी आम्ही प्रत्येकाला यूपीआयने पाठवतो. सीए म्हणतात, हे बंद करा. का?

सीए बरोबर सांगताहेत. इतरांचे पैसे गोळा करून वाटणं हे रिझर्व्ह बँकेच्या लेखी पेमेंट अ‍ॅग्रीगेटरचं काम. तिच्या नियमांनुसार मार्केटप्लेसला, म्हणजे अनेकांचा माल विकणाऱ्या साइटला, ते करायचं असेल, तर ते विक्रीच्या धंद्यापासून वेगळं काढून परवानगी घ्यावी लागते. अकरा कारागिरांसाठी एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपन्यांची (गेटवे) वाटणीची सेवा घ्या, म्हणजे रेझरपेचं 'रूट' किंवा कॅशफ्रीचं 'ईझी स्प्लिट'. कारागिरांची केवायसी करून घेताना दमछाक होईल, पण ती एकदाच.

प्रश्न : एका ऑर्डरमध्ये दोन विक्रेत्यांचा माल होता. चपला २,४०० आणि पट्टा ६०० रुपयांचा, वर दहा टक्क्यांचं कूपन. पट्टा परत आला. किती द्यायचे आणि कुणाच्या खिशातून?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पहिली चूक म्हणजे ६०० परत करणं. कूपन पूर्ण ऑर्डरवर होतं, म्हणजे पट्ट्यासाठी ग्राहकाने ५४० च दिलेत. तेवढेच द्या.

आता खिसा. कूपनचा भार विक्रेत्यावर आणि तुमचं कमिशन दहा टक्के धरू. कमिशन ५४, त्यावर १८ टक्के जीएसटी ९.७२. विक्रेत्याकडे गेले ४७६.२८ (टीसीएस-टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापायचे कर, तूर्त बाजूला ठेवू). रिफंडचे ४७६.२८ त्याच्याकडून, ६३.७२ तुमच्याकडून, आणि कमिशनची क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी केल्याचा कागद, काढायची. गेटवेचं शुल्क सहसा परत मिळत नाही, ते कोण सोसणार हे करारातच लिहा.

खरी मेख पुढे आहे. रिफंड गेटवेवरच्या तुमच्या मुख्य खात्यातून जातो. विक्रेत्याला दिलेला वाटा आपोआप मागे येत नाही, ते ट्रान्सफर वेगळं उलटवावं लागतं. त्याचे पैसे बँकेत जाऊन गेटवेवरची त्याची शिल्लक शून्य असेल, तर उलटवायला काहीच नसतं. मग फोन, विनवण्या, 'पुढच्या ऑर्डरमधून कापा'. मी सुरुवातीला असे बरेच पैसे उधारीच्या वहीत लिहिलेत. म्हणून वाटणी पेमेंटच्या क्षणीच करा, पण माल परत करायची मुदत संपेपर्यंत ती 'होल्ड'वर, म्हणजे रोखून, ठेवा. विक्रेते कुरकुरतील. कुरकुरू द्या.

प्रश्न : रिफंड साइटवरच्या क्रेडिटमध्ये दिला तर चालेल का?

ग्राहकाने हो म्हटलं तरच. नाहीतर ज्या मार्गाने पैसे आले, त्याच मार्गाने परत.

प्रश्न : ग्राहकाचे यूपीआयने पैसे कटले, पण ऑर्डर झालीच नाही. लगेच परत करू?

थांबा. आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर पेमेंटची स्थिती बघा. पैसे तुमच्यापर्यंत आलेच नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. उशीर झाल्यास ग्राहकाला रोज १०० रुपये भरपाई. घाईने तुम्हीही पाठवलेत, तर त्याला दोनदा मिळतील आणि दुसऱ्यांदा मिळालेले परत मागणं फार अवघड जातं.

प्रश्न : परत आलेल्या मालावरही टीसीएस कापला, अशी विक्रेत्यांची तक्रार आहे.

जीएसटीचा टीसीएस निव्वळ विक्रीवर, म्हणजे महिन्यातला परत आलेला माल वजा करून. १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. आयकराचा टीडीएस मात्र ढोबळ रकमेवर, म्हणजे परत आलेला माल वजा न करता, ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. दोन्हींची एकच एक्सेल शीट ठेवली असेल, तर आधी ती वेगळी करा.